ऑपरेशननंतरचे मृत्यू देशभर कसे मोजावेत? (इंग्लंडची एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा)

बेरीजवजाबाकी:
एनएचएसच्या हॉस्पिटलांत ऑपरेशननंतर ३० दिवसांत होणाऱ्या मृत्यूंची हॉस्पिटलवार तुलना करायची आहे. हाताशी एचईएसची, म्हणजे तिथल्या हॉस्पिटल-भरतींच्या राष्ट्रीय नोंदींची विदा (डेटा) आहे. डिस्चार्जच्या रकान्यात ‘४’ म्हणजे मृत्यू. हे मृत्यू भागिले ओपीसीएस-४ कोड (ऑपरेशन-तपासण्यांचे सांकेतिक क्रमांक) असलेल्या ओळी, एवढ्यावर भागेल का? की सरळ एसएचएमआय, हा हॉस्पिटलांच्या मृत्यूंचा तयार सरकारी निर्देशांक, वापरू?

अंशछेद:
नाही भागणार. ‘४’ फक्त हॉस्पिटलमध्ये दगावलेल्यांना लागतो. पाचव्या दिवशी घरी सोडलेला रुग्ण बाराव्या दिवशी गेला, तर तुमच्या हिशेबात तो जिवंतच. मग रुग्णाला लवकर घरी पाठवणारं हॉस्पिटल आपोआप चांगलं दिसतं. एनएचएस क्रमांकावरून ओएनएसच्या (तिथल्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या) मृत्यूनोंदणीशी जोडणी हवीच, आणि ३० दिवस ऑपरेशनच्या तारखेपासून मोजायचे. एसएचएमआय डिस्चार्जपासून मोजतो आणि ऑपरेशन न झालेलेही त्यात धरतो, त्यामुळे तो इथे कामाचा नाही.

जोडणीत एक मोठा धोका आहे. ऑपरेशननंतर अनपेक्षित मृत्यू झाला की प्रकरण बहुधा कॉरोनरकडे (संशयास्पद किंवा अनपेक्षित मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) जातं, आणि चौकशी संपेपर्यंत, म्हणजे कित्येकदा काही महिने, मृत्यूची नोंदणीच होत नाही. घाईने विदा उचलली तर नेमके हेच मृत्यू निसटतात. निदान सहा महिने थांबा. शिवाय ही नोंदणी इंग्लंड-वेल्सची आहे. स्कॉटलंडला परतून वारलेला रुग्ण तिच्यात सापडणार नाही.

टाका:
छेदातली चूक जास्त महाग पडते. एचईएसची एक ओळ म्हणजे एका कन्सल्टंटच्या (वरिष्ठ डॉक्टरच्या) देखरेखीखालचा एक ‘एपिसोड’. हॉस्पिटलातल्या एकाच मुक्कामात असे तीन-चार असू शकतात. आधी ते जोडून पूर्ण मुक्काम बनवा. ओपीसीएस-४ मध्ये एंडोस्कोपी आणि स्कॅनचेही कोड आहेत. ते गाळले नाहीत तर छेद फुगतो आणि मृत्युदर उगाच कमी दिसतो.

ट्रेकिऑस्टॉमीचं (श्वासासाठी गळ्यात छिद्र पाडणं) उदाहरण घ्या. आतड्याचं ऑपरेशन झालेला रुग्ण तीन आठवडे व्हेंटिलेटरवर आहे म्हणून ती केली, आणि चार दिवसांनी तो गेला. तुम्ही मुक्कामातलं शेवटचं ऑपरेशन धरलंत तर हा मृत्यू ट्रेकिऑस्टॉमीच्या खात्यावर पडतो. ऑपरेशनांची यादी आधी पक्की करा आणि त्यातलं मुक्कामातलं पहिलं धरा.

अंशछेद:
जोखीम समायोजनात, म्हणजे रुग्ण मुळात किती धोक्यात होते ते हिशेबात धरताना, वय, तातडीची की नियोजित भरती आणि जुने आजार घ्याल. पण मूत्रपिंड निकामी झाल्याचा कोड त्याच मुक्कामातला असेल, तर ते आधीचं की ऑपरेशनमुळे झालेलं, हे एचईएस सांगत नाही. ऑपरेशनमुळे झालेलं ‘जुना आजार’ म्हणून धरलं की हॉस्पिटलचीच चूक त्याला सवलत मिळवून देते. जुने आजार मागच्या वर्षभरातल्या भरतींमधून घ्या. तातडीने पोट उघडावं लागलेल्या रुग्णांसाठी डिसेंबर २०१३ पासून ‘नेला’ (NELA) हे स्वतंत्र राष्ट्रीय ऑडिट चालतं. त्यात ऑपरेशनआधीची स्थिती डॉक्टर स्वतः भरतात, ते कितीतरी भरवशाचं.

बेरीजवजाबाकी:
आणि वर्षाला ४० ऑपरेशनं करणारी छोटी हॉस्पिटलं?

टाका:
अपेक्षित मृत्युदर ३% असेल तर ४० ऑपरेशनांत एकही मृत्यू न होण्याची शक्यता जवळजवळ ३०% आहे. त्यामुळे शून्य पाहून शाबासकी देऊ नका, आणि तीन मृत्यू दिसले म्हणून दोषही देऊ नका. तीन वर्षं एकत्र करा, म्हणजे ४० ची १२० होतील. मोठ्या हॉस्पिटलच्या ४०० ऑपरेशनांत अपेक्षित १२ मृत्यू, प्रमाण विचलन (योगायोगाने होणारा चढउतार) सुमारे ३.४, म्हणजे ९५% ची मर्यादा साधारण ५ ते १९, आणि ९९.८% ची २ ते २२. फनेल प्लॉटवर (आडव्या अक्षावर ऑपरेशनं, उभ्यावर मृत्युदर असलेला आलेख) या दोन्ही रेषा काढा. क्रमवारी लावू नका. यादीत कोणीतरी तळाला येणारच.

वरच्या रेषेबाहेर गेलेल्या हॉस्पिटलचं आधी कोडिंग तपासा, मग रुग्ण किती गंभीर होते ते, मग आयसीयूच्या खाटा आणि रात्रीची व्यवस्था. सर्जनचं नाव त्यानंतर.