पायथॉन: उभ्या रेघेने विभागलेल्या ओळीतून तिसरा रकाना काही ठिकाणी निघत नाही

प्रश्न:
नमस्कार. आमच्या गावातील विहिरींच्या नोंदी एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये आहेत. प्रत्येक ओळीत विहिरीचा क्रमांक, वस्ती, काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मीटरमध्ये आणि शेरा असे चार रकाने उभ्या रेघेने वेगळे केलेले आहेत, उदाहरणार्थ, «वि०७|मळा|४.५|पंप बंद होता। दोरीने मोजले।». स्प्लिट करून, म्हणजे उभ्या रेघेवर ओळ तोडून, शून्यापासून मोजत दुसऱ्या क्रमांकाचा तुकडा घेतला की बहुतेक ओळींतून अंतर बरोबर मिळते, मात्र काही ओळींवर इंडेक्स एरर (त्या क्रमांकाचा तुकडाच नाही अशी चूक) येऊन प्रोग्रॅम थांबतो. दिसायला त्या ओळी अगदी इतरांसारख्याच आहेत.

उत्तर १:
त्या ओळींत उभ्या रेघेऐवजी देवनागरीतील दंड (।) टाइप झालेला असावा. स्प्लिटच्या दृष्टीने ती दोन वेगळी चिन्हे असल्यामुळे ओळ तुटतच नाही किंवा भलतीकडे तुटते. अडलेल्या ओळीतील पहिले विभाजक चिन्ह ऑर्ड या चिन्हाचा सांकेतिक क्रमांक सांगणाऱ्या फंक्शनला देऊन पाहा: उभी रेघ असेल तर १२४ आणि दंड असेल तर २४०४ हा आकडा मिळेल. खात्री पटल्यावर रिप्लेस वापरून सगळे दंड बदलावेत आणि मग स्प्लिट करावे.

प्रश्नकर्ता:
२४०४ हाच आकडा आला, आभारी आहे. आता अंतर मिळते. परंतु शेऱ्यातील पूर्णविरामाचे दंडही बदलल्याने शेऱ्याचे तुकडे होतात, आणि शेरा मला अखंड हवा आहे.

उत्तर २:
म्हणूनच सरसकट रिप्लेस करू नये. आरई या नमुन्यांवर काम करणाऱ्या मॉड्यूलमधील स्प्लिटला «[|।]» हा नमुना द्या आणि मॅक्सस्प्लिट (जास्तीत जास्त किती वेळा तोडायचे) ३ ठेवा. पहिल्या तीन विभाजकांवर ओळ तुटून चार तुकडे होतील आणि चौथ्यात शेरा त्यातील दंडांसह जसाच्या तसा राहील. चौकटी कंस गाळू नका, कारण कंसाबाहेर उभ्या रेघेचा अर्थ ‘किंवा’ असा होतो. अंक देवनागरीत असल्याची चिंता नको; पायथॉन ३ मधील फ्लोट, म्हणजे मजकुराची दशांश संख्या करणारे फंक्शन, «४.५» ही स्ट्रिंग थेट स्वीकारते.

एक कळकळीची विनंती आहे. अंतराचा रकाना रिकामा असेल तर फ्लोट व्हॅल्यू एरर देईल. ती टाळण्यासाठी तेथे शून्य भरू नका. आपल्या मोजणीत शून्य म्हणजे काठोकाठ भरलेली विहीर, आणि ती ओळ तर मोजणी झालीच नाही असे सांगत आहे. तेथे नन (None, म्हणजे ‘मूल्य नाही’) ठेवा.