मदत हवी आहे: नांगर खडकात अडकतो, ट्रिप लाइन कशी बांधू?

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी बोटीचा नांगर तळाच्या खडकात असा रुतला की पाऊण तास झगडलो. दोर आखूड करून बोट थेट नांगराच्या वर आणली, ताण देऊन बांधली, लाटेने उचलेल म्हणून वाट पाहिली. हलला नाही. मग दोर थोडा सैल सोडून, टाकला होता त्याच्या उलट दिशेला इंजिन अगदी हळू चालवलं, तेव्हा सुटला. वर आला तेव्हा एका फाळाच्या टोकावर ताजा चकचकीत ओरखडा होता. दोर कापावा लागला नाही हेच नशीब.

आता ट्रिप लाइन, म्हणजे अडकलेला नांगर बुडाकडून उलटा ओढून सोडवायची दोरी, लावायचीच असं ठरवलंय. नांगराच्या बुडाला, फाळ दांड्याला मिळतात तिथे, वेगळी दोरी बांधून वर बोया (तरंगता गोळा) सोडायचा, एवढं कळतं. अडचण लांबीची आहे. भरतीच्या खोलीइतकी ठेवली तर ओहोटीत उरलेली दोरी पाण्यावर पसरते आणि कुणाच्याही बोटीच्या पंख्यात गुंतू शकते. बोयाखाली लहानसं वजन लटकवून दोरी ताठ ठेवणं कुणी केलंय का? की बोया टाळून दोरीचं टोक सरळ बोटीवरच आणावं? मग बोट फिरली की ती दोरी नांगराच्या साखळीला पीळ घालेल, अशी धास्ती वाटते.

साखळी बुडाला जोडून दांड्याच्या टोकाला तुटण्याजोग्या बारीक दोरीने बांधायची पद्धतही ऐकली आहे; नांगर अडकला की जोरात ओढल्यावर ती दोरी तुटते आणि ओढ बुडाकडून बसून तो सुटतो. पण रात्री वारा फिरला आणि ती दोरी तुटून नांगरच सुटला तर? मुलं बोटीवर झोपलेली असतात. प्रत्यक्ष वापरलेल्यांनी कृपया सांगा.