डिजिटल रेंजफाइंडरवर १३५ची लेन्स: गड्ड्याला न्यावी की घरी ठेवावी? (गटातली चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

सात रस्ता
एकाने विचारलं, हातात लायका एम ९ हा डिजिटल रेंजफाइंडर आहे, गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या, यात्रेसाठी जुनी १३५ मिलिमीटरची एफ/४ टेली-एल्मार लेन्स स्वस्तात मिळतेय, घेऊ का? चार जणांनी डोळे झाकून ‘घे’ म्हटलं. मी म्हणतो, घेऊ नको.

रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून बघतच नाही, बॉडीतल्या वेगळ्या खिडकीतून बघतो; फोटोत किती येणार ते त्यात उजळणारी चौकट सांगते. कुठलीही लेन्स लावा, खिडकी तीच. एम ९च्या खिडकीत सगळं ०.६८ पट दिसतं. त्यात १३५ लावली की सोबत ३५ची चौकटही उजळते आणि १३५ची चौकट तिच्या क्षेत्रफळाच्या पंधराव्या हिश्शाएवढी. त्यात माणूस हसतोय की शिंकतोय ते कळत नाही.

दुसरं म्हणजे फोकस. बॉडीतला रोलर, म्हणजे फोकस करताना लेन्स किती सरकली ते वाचणारं चाक, प्रत्येक लेन्सची हालचाल ५०च्या लेन्सच्या मापात वाचतो. १३५ प्रत्यक्षात त्याच्या जवळपास सातपट सरकते. म्हणजे रोलरची बारीकशी चूक सातपट होऊन सेन्सरवर येते. फिल्मच्या काळात पोस्टकार्डाएवढी प्रिंट काढायचो, खपून जायचं. आता प्रत्येक जण फोटो स्क्रीनवर शंभर टक्के मोठा करून पापण्या मोजतो. एम ९ला लाइव्ह व्ह्यू नाही, लेन्समधलं दृश्य स्क्रीनवर येत नाही, म्हणजे फोटो काढायच्या आधी खात्री करायची सोय नाही. २००६च्या एम ८मध्ये तर लायकाने १३५ची चौकट ठेवलीच नव्हती. ९० ही शेवटची पायरी. त्यापुढे लेन्समधलंच दृश्य दाखवणारा मिररलेस कॅमेरा घ्या.

जुनी मिल
रोलरचं बरोबर आहे, पण गणित अर्धंच मांडलंत. फोकस किती काटेकोर लागतो ते फक्त लेन्सच्या लांबीवर ठरत नाही, ॲपर्चरही, म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडं तेही, बघावं लागतं (एफ नंबर लहान तितकं तोंड मोठं). लांबीचा वर्ग करा आणि एफ नंबरने भागा; उत्तर मोठं तितका फोकस अवघड. १३५ एफ/४चं उत्तर ४५५६. ९० एफ/२चं ४०५०. म्हणजे तुमची लाडकी ९० पूर्ण उघडी ठेवली की १३५च्या मागोमागच आहे. १३५ एफ/५.६वर आणली की ३२५४, म्हणजे ९०पेक्षा सोपी. जो ९० एफ/२ बिनधास्त वापरतो त्याने १३५ला नावं ठेवू नयेत.

आणि खिडकी लहान वाटते तर आयपीसवर १.४ पटीचं मॅग्निफायर लावा. एम ९चा प्रभावी बेस (फोकस जुळवणाऱ्या दोन खिडक्यांमधलं अंतर गुणिले खिडकीची पट; जास्त तितका फोकस नेमका) ४७ मिलिमीटर आहे, तो ६६पर्यंत जातो. १९५४च्या लायका एम ३ या फिल्म कॅमेऱ्याचा ६२च्या आसपास होता, आणि त्यावर लोकांनी आयुष्यभर १३५ वापरली.

बाराबंदी
गणित तुमचं तुम्हाला लखलाभ. मी गड्ड्याला १३५ घेऊन जातो आणि का जातो ते सांगतो.

हिरेहब्बू वाड्यापासून सात नंदीध्वजांची, म्हणजे उंच मानाच्या काठ्यांची, मिरवणूक निघते, तेव्हा खाली गर्दीत ३५ काढायलाही जागा नसते. ओळखीच्या गच्चीवरून काढायचं तर लांब लेन्स हवीच. काठी पेलणारा माणूस तोल सावरत येतो, काठी डुलते, मध्येच कुणीतरी आडवं घुसतं. मिररलेसमध्ये १३५ लावली की चौकटीबाहेरचं जग बंद. इथे लहान चौकटीभोवती अख्खा रस्ता दिसतो, काठी कुठून आत येणार ते आधी कळतं. सात रस्ता यांना जे खोट वाटतं, त्याच्यासाठीच मी हा कॅमेरा धरतो.

अजून एक. खिडकीच्या मध्यातल्या पॅचमध्ये दोन प्रतिमा एकावर एक जुळवून फोकस करायचा असतो; त्या आडव्या सरकतात, म्हणून उभी रेघ मिळाली की फोकस पटकन जुळतो. नंदीध्वजाएवढी मोठी उभी रेघ सोलापुरात दुसरी दाखवा. काठीवाल्याच्या पांढऱ्या बाराबंदी अंगरख्यावर पॅच जुळवत बसलात तर मात्र मिरवणूक सिद्धेश्वरांच्या देवळात पोचेल आणि तुम्ही तिथेच.

हिप्परगा
काय सांगायलाव राव! मी पाखरांचा माणूस. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९चं, आता तिथं माळढोक दिसणंच मुश्किल, पण जे काही माळावर आहे त्याला १३५ म्हणजे काहीच नाही. लायकाच्या या कॅमेऱ्यांत एम टाइप २४०पासून लाइव्ह व्ह्यू आला, ॲडॅप्टर लावून लायकाच्या एसएलआरची ४००ची आर लेन्सही बसते, मान्य. पण मग खिडकीतून बघायचंच नाही तर रेंजफाइंडर कशाला विकत घेतला? तुमचा वाद मला कळतो, पण दोघांनीही माझ्या रस्त्याला येऊ नका.

सात रस्ता
जुनी मिल, वर्ग-भागाकार मान्य. पण ९० एफ/२ पूर्ण उघडी ठेवून पापणी पकडणारेही वैतागलेले मी पाहिलेत. दोघंही अवघड आहेत म्हणून दुसरं सोपं होत नाही. शिवाय एम ९च्या चौकटी १ मीटर अंतरासाठी आखल्यात. लांबचं काढताना चौकटीत दिसतं त्यापेक्षा जास्त येतं, म्हणजे जवळ आणायला लेन्स लावली आणि माणूस पुन्हा लहान.

बाराबंदी, तुमच्या गच्चीवर ५०ची लेन्स आणि लायकाचाच एम ११ द्या. ६० मेगापिक्सेल. ५०च्या फोटोतून ९०एवढा तुकडा कापला तरी १८ उरतात, म्हणजे अख्ख्या एम ९एवढे.

जुनी मिल
आणि १३५एवढा कापला की ८. होमाच्या संध्याकाळी, आयएसओ वर चढवलेला असताना, तो ८चा तुकडा मोठा करून बघा. नॉइजही तेवढाच मोठा होतो. एम ११मध्ये हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशनही नाही, हात हलला तर क्रॉपमध्येही तो दिसणारच. शिवाय विचारणाऱ्याकडे एम ९ आहे. त्याला लाखांची बॉडी घ्यायला सांगून काही हजारांची लेन्स वाचवताय, याला काय म्हणावं!

नवी पेठ
मधेच विचारतो. ती चष्मा लावलेली १३५ एफ/२.८ कशी?

जुनी मिल
१९६३ची एल्मारिट. तिचा चष्मा, म्हणजे कॅमेऱ्याच्या खिडक्यांपुढे येणारी भिंगं, खिडकीतलं दृश्य दीडपट करतो, त्यामुळे तुम्ही ९०च्या चौकटीत बघता. बेसही दीडपट होतो, म्हणून एफ/२.८ची हाव त्याला पेलते, साधारण एफ/४इतक्याच भरवशाने. पण वजनाने मान दुखेल, आणि चष्म्याला धक्का बसलेला असेल तर फोकस कायमचा चुकीचा.

कुठलीही घ्या, पैसे द्यायच्या आधी स्वतःच्या बॉडीवर लावा. पूर्ण उघडी ठेवून दीड मीटर, पाच मीटर आणि लांबचा मनोरा, असे तिन्ही काढा. तुमची ५०सुद्धा त्याच दिशेला चुकत असेल तर दोष बॉडीचा, ती ॲडजस्ट करून मिळते. ५० नीट आणि १३५ एकटीच चुकत असेल तर लेन्स परत.

बाराबंदी
आणि शटर १/२५० सेकंदाच्या खाली आणू नका. एफ/५.६, उन्हात निदान १/५००. बाकी काळजी नाही.

सात रस्ता
म्हणजे मॅग्निफायर लावा, एफ/५.६वर आणा, ऊन बघा, बॉडी ॲडजस्ट करा, उभी रेघ शोधा, मग १३५ चालते. मी ९०च आणतोय.

बाराबंदी
आण बे. पण १६ जानेवारीला यात्रेतल्या शोभेच्या दारूकामाला माझी १३५ माग, देतो. तिथं फोकस अनंतावर असतो, तुझी तक्रार चालणार नाही. ट्रायपॉड तेवढा तुझा.