समुपदेशकाने आडनाव विसरावे काय?

गोदाकाठ :
जफर करीम यांच्या कार्यावरील टिपणाखाली परवा 'जुना कर्वेनगरकर' यांनी लिहिले, की मनाला जात नसते, समुपदेशकाने माणसाचे मन पाहावे, आडनाव पाहू नये आणि दमनविरोधी समुपदेशन, म्हणजे जात, वंश, भाषा यांवरून सोसलेला अन्यायही दुःखाचे कारण म्हणून विचारात घेणारे समुपदेशन, हे परदेशातून आणलेले खूळ आहे. याला एका ओळीत उत्तर देता येण्यासारखे नाही, म्हणून स्वतंत्र धागा काढत आहे.

करीम हे भारतात जन्मलेले मानसोपचारक होते. त्यांनी १९८३ साली लंडनमध्ये 'नफसियात' हे केंद्र सुरू केले, कारण स्थलांतरितांच्या वाट्याला गोळ्या येत होत्या, पण समोर बसून ऐकून घेणारा माणूस येत नव्हता. वंशभेद सोसलेल्याचे दुःख केवळ त्याच्या बालपणात शोधू नये आणि तो विषय निघण्यासाठी वाट करून देणे ही उपचारकाचीच जबाबदारी आहे, असा त्यांचा आग्रह होता. यात खूळ कोणते?

माझा धाकटा भाऊ २०१६ मध्ये स्पर्धा परीक्षेसाठी नांदेडहून पुण्याच्या सदाशिव पेठेत आला. कॉट बेसिसवरची खोली पसंत पडली, पैसे ठरले आणि घरमालकांनी आडनाव विचारले. दुसऱ्या दिवशी "खोली नात्यातल्या मुलाला दिली" असे कळले. असे तीनदा झाले. पुढे अभ्यासिकेत त्याचे हात थरथरू लागले, झोप उडाली, तेव्हा मीच त्याला एका समुपदेशकांकडे नेले. त्यांनी सगळे ऐकले आणि म्हणाले, "तुम्ही गोष्टी फार मनाला लावून घेता." तो पुन्हा तेथे गेला नाही.

जुना कर्वेनगरकर :
आपल्या भावाबाबत जे घडले ते वाईटच आहे, आणि ते वाक्य कोणत्याही समुपदेशकाने उच्चारू नये. पण एका अकुशल माणसाच्या चुकीवरून संपूर्ण शास्त्राला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे मला मान्य नाही. मी बावीस वर्षे विवेकनिष्ठ उपचारपद्धतीने, म्हणजे त्रासामागचे अविवेकी विचार तपासून बदलण्याच्या पद्धतीने, काम करतो. अन्याय गोड मानून घ्या, असे या पद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस यांनी कोठेही सांगितलेले नाही. नैराश्य वेगळे आणि दुःख वेगळे, चिंता वेगळी आणि काळजी वेगळी, हा त्यांनी केलेला भेद आहे. हात थरथरायचे थांबले, तरच माणूस घरमालकाशी भांडू शकेल.

आता माझा अनुभव ऐका. एका प्रशिक्षणात सांगितले होते, म्हणून मी एका तरुणाला पहिल्याच भेटीत जातीच्या अनुभवांविषयी विचारले. तो वडिलांच्या मृत्यूनंतर झोप येत नाही म्हणून आला होता. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "सर, येथेही तेच का? मी वडिलांसाठी आलो आहे." ते वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. आपली ही 'संवेदनशीलता' त्या क्षणी त्याच्यावरचा आणखी एक शिक्का ठरली.

चंद्रभागा :
जातीवर आपण दोघे भांडत आहात, पण भाषेचे काय? माझ्या आईला येथे तपासणीला नेले, तेव्हा तिच्यापुढे छापील प्रश्नावली ठेवली गेली : "आपणांस निरर्थकतेची भावना जाणवते का?" आईने "नाही" म्हणून सांगितले. सोलापूरकडची बाई ती, तिला प्रश्नच कळला नव्हता. घरी मात्र ती रोज म्हणायची, "जीव थाऱ्यावर न्हाई, पोटात खड्डा पडतुया." त्या वाक्याला प्रश्नावलीत जागा नव्हती. शेवटी ती "पानी द्या" म्हणाली, तर समोरच्या बाईंनी हसून "पाणी" अशी दुरुस्ती केली. त्यानंतर आई तोंड उघडेना.

मुठाकाठचा वाचक :
तपासणीची भाषा प्रमाणच असावी लागते, अन्यथा दोन रुग्णांच्या उत्तरांची तुलना करता येणार नाही. प्रत्येक तालुक्यासाठी वेगळी प्रश्नावली छापायची काय? पुण्याला नावे ठेवायची आणि उपचारांना पुण्यातच यायचे, हे मला पटत नाही.

चंद्रभागा :
आम्ही हौसेने येत नाही. आमच्याकडे मानसोपचारतज्ज्ञ शोधावे लागतात, म्हणून येतो. माझी आई आपल्या तुलनेसाठी आजारी पडलेली नव्हती, आणि हे वाक्य मी अत्यंत संतापाने लिहीत आहे.

जुना कर्वेनगरकर :
येथे मी चंद्रभागा यांच्या बाजूने आहे. प्रश्नावली हे साधन आहे, प्रश्न सोपा करून विचारणे हे तपासणाऱ्याचे काम आहे. 'पाणी'ची दुरुस्ती तर अक्षम्य आहे. मात्र यातून 'दमन' सिद्ध होते असे मला अजूनही वाटत नाही. तो असभ्यपणा आहे.

गोदाकाठ :
एकाच बोलीच्या माणसांच्या वाट्याला तो असभ्यपणा वारंवार येत असेल, तर त्याला दुसरे काय म्हणायचे? आजार ठरवताना सत्ता आड येते, हे या शास्त्राचा इतिहासच सांगतो. १८५१ मध्ये अमेरिकेतील सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टरांनी गुलामाने पळून जाणे हा मनोविकार ठरवून त्याला नावही दिले. समलैंगिकता विकारांच्या अमेरिकी यादीतून निघायला १९७३ उजाडले. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या तिसऱ्या कलमातही सामाजिक दर्जा किंवा विशिष्ट समाजाचे सदस्यत्व यांवरून आजार ठरवू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. ज्याचा धोकाच नाही, त्याची मनाई कायद्यात कोणी कशाला लिहील?

वडील गेलेल्या त्या तरुणाविषयी मात्र आपले म्हणणे मला मान्य करावे लागते. वाट करून देणे म्हणजे माणसाला त्या वाटेवर ढकलणे नव्हे. करीम यांचा आग्रह मी मांडला, तेव्हा हा फरक मी लिहायला हवा होता.

जुना कर्वेनगरकर :
मग मीही एक गोष्ट मान्य करतो, जरी ती मला जड जात आहे. त्या प्रसंगानंतर मी तो विषय कायमचा बंद करून टाकला. गेल्या कित्येक वर्षांत माझ्याकडे कोणी खोली नाकारल्याचे बोललेच नाही, आणि याचा अर्थ पुण्यात तसे घडत नाही असा मी काढत होतो. घरी कोणती भाषा बोलता, आणि येथे राहताना कोणाच्या वागण्याचा त्रास होतो का, हे दोन प्रश्न मी या आठवड्यापासून विचारीन. जात शब्द मी स्वतःहून उच्चारणार नाही, यावर मात्र मी ठाम आहे. आपल्या भावाला अजूनही बोलावेसे वाटले, तर त्याने जरूर यावे.

गोदाकाठ :
आपला निरोप त्याला देईन. तो आता नोकरीला लागला आहे, पण पुण्यात आला की अजूनही ती गल्ली टाळतो आणि टिळक रस्त्याने वळसा घालून जातो. तो येईल असे मला वाटत नाही.