रजिस्टर खोटे, म्हणून सेन्सर खरा?

जुना_लाइनमन

ताज्या पालेभाज्या धुऊन पेट्यांत भरणाऱ्या पॅकहाऊसमध्ये सेन्सर, कॅमेरे आणि ब्लॉकचेन (मागाहून बदलता न येणारी सामायिक संगणकीय नोंदवही) आले की नोंदवह्या आणि तपासनीस या दोघांनाही निरोप देता येईल, ‘कारण यंत्र खोटे बोलत नाही’, असे यंत्रस्नेही यांनी काल लिहिले. हे वाक्य मी विक्रेत्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की या खेपेस गप्प बसणे जमले नाही.

धुण्याच्या टाकीवर मी अकरा वर्षे काढली. आमच्याकडे ओआरपी प्रोब, म्हणजे पाण्याची जंतू मारण्याची ताकद मिलिव्होल्टमध्ये दाखवणारा सेन्सर, बसवल्यावर पडद्यावरचा आकडा 700 मिलिव्होल्टच्या वर ठाण मांडून बसला आणि साहेबमंडळी खूश झाली. एका दुपारी मी टाकीच्या दुसऱ्या टोकाचे पाणी बाटलीत घेऊन डीपीडीची, म्हणजे क्लोरीन असल्यास पाणी गुलाबी करणारी, पूड टाकली, तर गुलाबी छटासुद्धा आली नाही. खाली वाकून पाहिले तेव्हा उलगडा झाला. क्लोरीन ज्या नळीतून टाकीत पडतो, तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर प्रोब बसवला होता. तो ताजे क्लोरीन मोजत होता आणि चिखलाने माखलेली पाने पडत होती तिथे मुक्त, म्हणजे जंतू मारायला मोकळे असलेले, क्लोरीन शिल्लकच नव्हते. टाकीतले क्लोरीन पान निर्जंतुक करण्यासाठी नसते, एका पानावरचे जंतू पाण्यावाटे शेजारच्या हजार पानांवर जाऊ नयेत म्हणून असते. म्हणजे जिथे गरज होती तिथेच नियंत्रण नव्हते, आणि यंत्र मात्र शब्दशः खरे बोलत होते.

यंत्रस्नेही

आपला अनुभव मोलाचा आहे, परंतु त्यातून सिद्ध होतो तो बसवणाऱ्याचा गाढवपणा. सेन्सरचा दोष सिद्ध होत नाही. मी पाहिलेल्या रजिस्टरांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर तासाचा सामू (पीएच) 6.8, एकाच शाईत, एकाच तिरकस अक्षरात, आणि शेवटच्या पानावर तर दुसऱ्या दिवसाच्या नोंदीही तयार! तपासनिसांचे म्हणाल, तर 2011 मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडोतल्या खरबुजांतून लिस्टेरिया हा जीवघेणा जंतू पसरला आणि 33 माणसे मेली. त्या पॅकहाऊसला साथ सुरू होण्याच्या काही दिवस आधीच त्रयस्थ ऑडिटने ‘उत्कृष्ट’ श्रेणी दिली होती. फळे धुण्याच्या पाण्यात जंतुनाशकच नव्हते, हे ऑडिटरच्या डोळ्यांसमोर होते. आपल्या लाडक्या मानवी तपासणीचे हे प्रगतिपुस्तक आहे.

राहता राहिली आपली बाटली. क्लोरीन अति झाले तरी डीपीडीचा रंग उडून पाणी स्वच्छ दिसते, हे आपल्याला अकरा वर्षांत कोणी सांगितले नाही काय?

जुना_लाइनमन

सांगितले होते, आणि मी विसरलो नव्हतो. तेच पाणी दहापट पातळ करून मी पुन्हा तपासले होते. तेव्हाही बाटली कोरीच राहिली. हात न भिजवता हात भिजवणाऱ्याला शिकवण्याची ही सवय सोडावी.

आकडेमोड

आपण दोघेही बाटलीत बुडाला आहात, म्हणून थोडे गणित मांडतो. तयार मालाचे 60 नमुने घेऊन ‘जंतू आढळले नाहीत’ असा दाखला देण्याची पद्धत आहे. शंभरांतले पाच नमुने दूषित असतील, तर 60 पैकी एक तरी सापडण्याची शक्यता सुमारे 95 टक्के असते. हजारांत एकच दूषित असेल, तर ती 6 टक्क्यांच्या आत येते. शेतातले दूषण बहुधा दुसऱ्या प्रकारचे असते, म्हणजे एका कोपऱ्यात पक्ष्यांची विष्ठा आणि बाकी वाफा निर्मळ. म्हणूनच पानांवरून कापड ओढत नेऊन एकत्र नमुना घेण्याचे तंत्र मला आवडते, कारण ते साठ तुकड्यांऐवजी हजारो पानांना स्पर्श करते. मात्र धुण्याची पायरी काम करते की नाही, हे त्या कापडाला विचारू नये. त्यासाठी निरुपद्रवी खुणेचा डीएनए मालावर फवारून तो टाकीत एका पानावरून दुसऱ्यावर किती जातो, हे मोजण्याचे तंत्र आता आले आहे, आणि पडताळणी म्हणजे खरे तर हेच.

डीपीडीच्या वादाबद्दल एवढेच म्हणतो की, प्रोबही निर्दोष नाही. सामू घसरला की क्लोरीन न वाढताही ओआरपी चढतो. दोन्ही बाजूंनी हे लक्षात ठेवावे.

बांधावरून

येथे सगळे टाकीभोवती फिरत आहेत. माल जिथून येतो त्या आमच्याकडे कोणी पाहत नाही. खरेदीदाराने माझ्या विहिरीवर सेन्सर लावला, खर्च माझा, पासवर्ड त्यांचा. गेल्या हंगामात ‘तुमच्या पाण्याच्या आकड्यात बिघाड आहे’ असे सांगून माल परत पाठवला आणि आकडा दाखवा म्हटले तर ‘प्रणाली गोपनीय आहे’ असे उत्तर मिळाले.

यंत्र खोटे बोलत नाही म्हणणाऱ्यांनी 2011 ची जर्मनी आठवावी. हॅम्बुर्गमध्ये स्पेनहून आलेल्या काकड्यांवर विषारी ई. कोलाय आढळला, काकड्यांकडे बोट दाखवले गेले आणि स्पेनच्या शेतकऱ्यांचा माल सडला. चाचणी खरी होती, जंतूही खरा होता, फक्त माणसे मारणारा प्रकार तो नव्हता! पन्नासहून अधिक बळी घेणाऱ्या ओ104 या ई. कोलायच्या प्रकाराचा उगम अखेर मोड आलेल्या मेथीच्या दाण्यांशी जोडला गेला. माग लागला तो आजारी पडलेल्यांनी उपाहारगृहात काय खाल्ले, हे चिकाटीने विचारत बसल्यामुळे.

यंत्रस्नेही

विहिरीच्या पासवर्डचा अन्नसुरक्षेशी काय संबंध, हे मला कळत नाही. माग काढण्याचेच बोलायचे, तर एका मोठ्या किरकोळ साखळीच्या ब्लॉकचेन प्रात्यक्षिकात आंब्याचा उगम शोधायला पूर्वी लागणाऱ्या सुमारे सात दिवसांऐवजी 2.2 सेकंद लागले. साथ पसरत असताना या सात दिवसांची किंमत काय असते, हे आपणच ठरवावे.

बांधावरून

2.2 सेकंदांत माझ्या बांधापर्यंत पोहोचता येते, हे मान्य. पेटी भरताना पॅकहाऊसने चुकीच्या लॉटचे लेबल चिकटवले असेल, तर तितक्याच वेगाने चुकीच्या बांधावर पोहोचता येते. माझ्यासोबत हे एकदा घडलेले आहे, म्हणून संबंध मला चांगला कळतो.

जुना_लाइनमन

आता एक गोष्ट मला नाइलाजाने लिहावी लागेल. प्रोब टाकीच्या दुसऱ्या टोकाला हलवल्यावर आलेखात दर वीस-पंचवीस मिनिटांनी एक खड्डा दिसू लागला. मातीचा नवा क्रेट पडला की क्लोरीन झपाट्याने उतरत होते. आमच्या रजिस्टरात तो खड्डा कधीच आला नाही, कारण आम्ही नेहमी क्रेट पडण्याआधी पाणी शांत असताना वाचन घेत होतो, आणि यात खोटेपणा नव्हता, नुसती सवय होती. हे यंत्रानेच दाखवले. यंत्रस्नेही यांनी या परिच्छेदाचे तोरण करून दाराला बांधावे.

यंत्रस्नेही

बांधतो. त्याच दारावर ‘प्रोब कोठे बसवायचा, हे विक्रेत्याने ठरवू नये’ अशी पाटीही लावतो. एवढे आपले मान्य करण्यात माझे काही जात नाही. बाटलीबद्दलचा माझा शेरा मात्र मागे घेत नाही, कारण पातळ करून पाहिल्याचे आपण पहिल्या प्रतिसादात लिहिले नव्हते.

बांधावरून

तो खड्ड्यांचा आलेख अखेर कोणाच्या संगणकात राहिला?

जुना_लाइनमन

खरेदीदाराच्या. आम्हाला छापील प्रत मिळत असे, महिन्यातून एकदा.