डेंग्यूनंतर मुलीचे केस गळतात आणि पुतण्याला चाई पडली आहे. दोघांना एकच उपचार चालेल का?

प्रश्न (जिंतूर): माझ्या १९ वर्षांच्या मुलीला गणपतीत डेंग्यू झाला होता. दिवाळी उलटल्यापासून विंचरताना तिचे केस मुठीने हातात येतात. ७ वर्षांच्या पुतण्याच्या डोक्यावरही रुपयाएवढी चाई पडली आहे. सासूबाई बोअरच्या पाण्याला दोष देतात आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यात (बुलढाणा) लोकांचे केस अचानक गळून टक्कल पडल्याच्या बातम्यांपासून त्यांनी फारच धसका घेतला आहे. चाईवर गुंज उगाळून लावावी, असे त्या म्हणतात. काय करावे?

उत्तर (लातूर): ताई, ही दोन वेगळी दुखणी आहेत. मोठ्या तापानंतर किंवा बाळंतपणानंतर बरेच केस एकदमच वाढायचे थांबतात आणि दोन-तीन महिन्यांनी गळू लागतात, म्हणून गणपतीतल्या तापाचा परिणाम आत्ता दिसतो आहे. मुळे शाबूत असल्याने हे गळणे बहुधा सहा महिन्यांत थांबते. तरी हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉईड तपासून घ्यावे, कारण अंगात लोह कमी असेल तर नुसते तेल बदलून काहीच साधत नाही.

पुतण्याचे डोके उजेडात नीट पाहा. जागा गुळगुळीत असेल तर ती चाई असण्याची शक्यता जास्त. तीत शरीराची रोगप्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते, आणि लहान चट्टा पुष्कळदा आपोआप भरतो. पण खपली, खाज आणि तुटलेल्या केसांचे काळे खुंट दिसत असतील तर तो डोक्याचा नायटा समजावा. तो इतर मुलांनाही लागतो. बुरशी केसांच्या मुळाशी शिरलेली असल्यामुळे नुसत्या मलमाने तो जात नाही, डॉक्टरांच्या सल्ल्याने पोटातून औषध द्यावे लागते. आणि दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे मलम लावल्यास तो उलट पसरतो. त्याचा कंगवा, टॉवेल आणि टोपी आजच वेगळी करा. गुंज मात्र कृपा करून लावू नका, तिच्या बीमध्ये जहाल विष असते आणि मुलाचा हात डोक्यावरून तोंडात जायला वेळ लागत नाही.

उत्तर (माजलगाव): क्षाराच्या पाण्याने केस राठ होऊन मध्येच तुटतात, मुळापासून गळत नाहीत. गळलेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो मुळापासून आलेला आहे. शेगावकडेही आधी पाण्यावरच संशय होता; पुढे तपासणीत रुग्णांच्या शरीरात सेलेनियम जास्त आढळले.

प्रश्नकर्ती: खुंट दिसले. उद्याच परभणीला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेतो. मुलीच्या वडिलांना टक्कल आहे. तिला मिनॉक्सिडिल (केस वाढण्यासाठी डोक्याला लावायचे औषध) लावावे का?

उत्तर (लातूर): आत्ता नको. वंशपरंपरेने केस विरळ होतात तेव्हा मुलींचा भांग हळूहळू रुंदावत जातो. सगळ्या डोक्याचे केस असे एकदम गळत नाहीत. सहा महिन्यांनंतरही भांग रुंदच दिसला तर डॉक्टरांना विचारा. मिनॉक्सिडिलचा गुण यायला चार-सहा महिने लागतात आणि सोडल्यावर तो टिकत नाही, हे तिला आधीच सांगून ठेवा.