जुने विधान खोडले की ज्ञानसंच अद्ययावत झाला?

कोथरूडचा तार्किक:
काल येथे एकाने लिहिले की, नव्या विधानाशी विसंगत असलेले जुने विधान खोडले की ज्ञानसंच, म्हणजे संगणक प्रणालीने खरी मानलेली विधाने, अद्ययावत झाला. बाकी सारा प्राध्यापकांचा रिकामा उद्योग. दोन खोल्यांपैकी नेमकी एकच उघडी आहे, एवढेच संचात आहे असे धरा. पहिली उघडी असल्याचे कोणी पाहून सांगितले, तर दुसरी बंद ठरते. परंतु शिपायाला पाठवून पहिली उघडवून घेतली, तर दुसरीबद्दल काहीही ठरत नाही. पहिल्या प्रसंगी खोडण्याजोगे काही नाही. दुसऱ्या प्रसंगी विसंगती नसतानाही ‘एकच उघडी’ हे विधान सोडावे लागते. समजुतीची दुरुस्ती आणि बदललेल्या जगाची नोंद यांतला हाच भेद कात्सुनो आणि मेंडेलझोन या संगणकशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये मांडला.

पेठेतला:
तो ‘एक’ म्हणजे मी; थेट मला उद्देशून लिहिले असते तरी चालले असते. विधान पाहून आले की कृतीतून, हे प्रणालीला कोण सांगणार? शिवाय अशा दुरुस्तीच्या आणि नोंदीच्या अनेक पद्धतींनी निष्कर्ष काढणे संगणकाला किती जड जाते, हे आयटर आणि गॉटलोब या संशोधकांनी १९९२ मध्येच दाखवले आहे. आम्हाला सोमवारी काम द्यायचे असते.

फुरसुंगीकर:
खोडण्याचा महिमा मला विचारा. आमचे गाव फुरसुंगी २०१७ मध्ये पुणे महापालिकेत गेले आणि २०२४ मध्ये बाहेर पडले. मी काम करत असलेल्या एका कंपनीत ‘फुरसुंगी महापालिकेत आहे’ हे विधान कोणीतरी खोडले. त्यावरून काढून साठवलेले निष्कर्ष तसेच राहिले आणि मधल्या वर्षांची कराची थकबाकी निराधार झाली. कोणता निष्कर्ष कशावर उभा आहे, हे जपणारी संगणकशास्त्रज्ञ डॉइल यांची पद्धत १९७९ पासून उपलब्ध आहे. प्रत्येक विधानाला काळ जोडा, म्हणजे काही खोडावेच लागणार नाही.

कोथरूडचा तार्किक:
आणि तारीखच चुकीची नोंदली असेल तर? तेथे पुन्हा दुरुस्तीच करावी लागते.

फुरसुंगीकर:
निर्णयाची तारीख वेगळी, अंमलाची वेगळी, नोंदीची वेगळी, तिन्ही ठेवा. आपल्या खोल्यांना कर भरावा लागत नाही, म्हणून आपल्याला हे किरकोळ वाटते.

पेठेतला:
खोल्यांपुढे माझा नियम टिकत नाही, हे मान्य. प्राध्यापकांना पेढे वाटा. मात्र ‘पाहिले’ की ‘केले’ ही खूण कोण भरणार, या प्रश्नाला दोघांनीही बगल दिली आहे.